आरंभ : १२

मांजलपूर, बडोदे
९ ऑगस्ट १९९८

ती. मावशी,

मोहनाचा नमस्कार. आधी बस, पाण्याचं भांडं जवळ घे आणि मग पुढे वाच.

मला नोकरी लागली. कुठे ते वाचून तू पत्र फाडशील, म्हणून आधीच हात जोडते. उत्कर्ष सबनीसच्या ऑफिसात. हो, तोच, इथल्या अकोट्याचा. कॉम्प्युटरवर स्वर आणि बोल टाइप करायचे आणि प्रिंटरमधून छापील स्वरलिपी काढायची, तो 'रागाक्षर' नावाचा प्रोग्रॅम विकतो तोच. पेपरात जाहिरात आली होती : मॅन्युअलमधली उदाहरणं सुधारायला गाणं समजणारी आणि कॉम्प्युटर येणारी व्यक्ती हवी. माझ्याकडे दोन्ही आहे. तिसरंही एक आहे, ते अर्जात लिहिलं नाही. मी तुझी भाची हे त्याला ठाऊक नाही. आडनावं वेगळी असण्याचा हा फायदा.

मॅन्युअल म्हणजे नुसता सावळागोंधळ आहे गं. दर पानावर एक चौकट आणि त्यात कोड. ताल कोणता, आरंभ कितव्या मात्रेवर, मग स्वर, मग बोल. नवा माणूस डोळे झाकून ती चौकट जशीच्या तशी टाइप करतो. आणि निम्म्या चौकटी चालतच नाहीत! कुठे शेवटची खूण राहिलीय, कुठे कोमल गंधार कसा लिहायचा ते सांगितलेलंच नाही. भरूचचे एक मास्तर रोज फोन करतात, "बेन, आ तो कशुं छापतुं नथी," काहीच छापत नाही म्हणून. मी आता प्रत्येक उदाहरण स्वतः टाइप करून बघते आणि खाली पडद्यावर काय दिसायला हवं ते लिहिते. दुसरी आवृत्ती दिवाळीनंतरच्या लाभपाचमीला निघणार आहे.

आणि मग ते पान आलं. 'अशी चूक करू नका.' खाली तुझी 'दीप धरो अंगना, आवे न कोई'. त्याखाली : 'श्रीमती कमला दिघे, निजामपुरा, बडोदे यांनी या बंदिशीचा आरंभ बाराव्या मात्रेवर धरला आहे. हे चूक आहे. बरोबर : आरंभ १३.'

ऐकून माहीत होतं, पण डोळ्यांनी वाचलं तेव्हा कानशिलं तापली. ते पान आता माझ्या हातात आहे. त्याचं काय करू, सांग.

तुझी,
मोहना


धुळे
१७ ऑगस्ट १९९८

चि. मोहना,

आशीर्वाद आहेतच, ते माझ्या रागलोभावर अवलंबून नाहीत.

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं. तू त्याच्या ऑफिसात पाय ठेवलास हे मला आवडलं नाही, आणि फार आवडलं.

तुला सगळं ठाऊक नाही, म्हणून लिहिते. तो टेपरेकॉर्डर घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला बदाम घालून शिरा केला होता. "काकू, प्रोग्रॅम तपासायला तुमच्या बंदिशी हव्यात." मी माझ्या स्वतःच्या दहा गायल्या. त्यातल्या नऊ त्याच्या पुस्तकात उदाहरणं म्हणून आल्या, कुठेही माझं नाव नाही. दहावी चूक म्हणून आली, तिथे मात्र नाव, आडनाव, वस्ती, गाव, काही राहिलं नाही. माझ्या क्लासच्या मुलींनी परीक्षेत मी शिकवल्याप्रमाणे आरंभ बारा लिहिला. परीक्षकाच्या हातात हेच पुस्तक! त्याने सगळ्यांचे गुण कापले. मग आया यायला लागल्या. "मॅडम, पुस्तकात तर तुमचंच नाव घालून चूक म्हटलंय." एकेक मुलगी गळाली. शेवटी क्लासच्या खोलीला कुलूप लागलं आणि नंदू मला 'हवापालट' म्हणून इकडे घेऊन आला. या हवेत पालटण्यासारखं काही नाही.

देवापुढे मी म्हणते की कोणाचं वाईट होऊ नये. तुझ्यापुढे खोटं कशाला बोलू? व्हावं. चारचौघांत व्हावं, आणि ते चारचौघे त्यानेच आमंत्रणं धाडून बोलावलेले असावेत. मला ज्या पानावर उभं केलं त्याच पानावर तो उभा दिसला पाहिजे. कसं ते तू बघ, शिकलेली आहेस.

मी इथे मजेत आहे. रोज गाते.

तुझी,
कमलामावशी

ता. क. : तू ती बंदिश स्वतः हातावर मोजून पाहिलीस का? मला शंका नाही. सहज विचारलं.


मांजलपूर
३० ऑगस्ट १९९८

ती. मावशी,

तुझं पत्र वाचून हसले आणि मग दात-ओठ खाल्ले.

चूक कोणाची ते मला सापडलं. तुझी नाहीच. त्याच्या प्रोग्रॅमला तीनतालाची फक्त चार दारं माहीत आहेत : पहिली, पाचवी, नववी आणि तेरावी मात्रा, म्हणजे जिथे विभाग सुरू होतो तेवढीच. मधल्या मात्रेवरून उठणारी बंदिश आली की तो छापतो, 'चूक : आरंभ मान्य नाही.' उत्कर्षने तबला परीक्षेपुरता गाइडातून केला आहे. त्याला वाटलं, प्रोग्रॅम नाही म्हणतो म्हणजे गाणारीच चुकली.

मी लिहून घेऊन त्याच्या टेबलाशी गेले. म्हटलं, बंदिशी कुठूनही उठतात, प्रोग्रॅम दुरुस्त करायला हवा. त्याने मान वरसुद्धा केली नाही. "मोहनाबेन, प्रोग्रॅम चाले छे ने? बस. उदाहरण प्रोग्रॅमप्रमाणे बदला. प्रोग्रॅम उदाहरणाप्रमाणे बदलायला लागलो तर धंदा काय करायचा?" पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, पुन्हा तेच.

मग मी माझ्या हातात होतं ते केलं. तुझं पान काढून टाकलं, मुळापासून. त्या जागी साधी सरगम घातली. दुसऱ्या आवृत्तीत तुझं नाव चुकीखाली कुठेही नसेल. त्याची फजिती नाही झाली, पण तुझी तरी थांबली. आता निवांत गा. आणि मोजून काय बघायचं? तुझी बंदिश ती.

तुझी,
मोहना


धुळे
६ सप्टेंबर १९९८

चि. मोहना,

पत्र मिळालं. पान काढलंस, बरं केलंस. आता नावही नाही, चूकही नाही आणि बंदिशही नाही. सगळं कसं स्वच्छ झालं.

इकडे पाऊस बेताचा आहे. नंदूची बढती झाली.

कमलामावशी


धुळे
२० सप्टेंबर १९९८

प्रिय मोहना,

मी कधी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा लिहितोय म्हणजे काहीतरी आहे हे ओळख. आईला सांगू नकोस.

आई तुला कळवते की रोज गाते. धुळ्याला आल्यापासून तिने तोंडातून सूर काढलेला नाही. तंबोरा खोळीत घालून कपाटावर ठेवलाय. दुपारी जेवणं झाली की खिडकीशी बसते आणि मांडीवर बोटांनी मात्रा मोजते. ओठ हलतात, आवाज नाही. बारापर्यंत जाते आणि थांबते. पुन्हा एकपासून.

एकदा न राहवून विचारलं. म्हणाली, "छापलेलं आहे रे, नंदू. इतकी माणसं वाचतात. चूक नसती तर एखादा तरी बोलला नसता? जन्मभर मी पोरींना चुकीचं शिकवलं असेल तर?" मला ताल कळत नाही, मी काय बोलणार? म्हटलं, मोहनाला विचार. म्हणाली, विचारलंय.

मग तुझं पत्र आलं. ते वाचून तिने घडी घातली आणि म्हणाली, "तिलाही चूकच वाटलं असणार. मावशीची अब्रू झाकावी म्हणून मुकाट्याने पान काढलंन. गुणी आहे पोर." त्या दिवसापासून मोजणंही बंद झालंय. ते मोजणं मला बघवत नव्हतं, पण हे त्याहून वाईट आहे.

तुला काही करता येत असेल तर कर.

नंदू


मांजलपूर
२ ऑक्टोबर १९९८

ती. मावशी,

तू विचारलं होतंस, मोजलं का म्हणून. मी तो प्रश्न वाऱ्यावर सोडला. आता नीट उत्तर देते.

काल सुट्टी होती. तबल्याचं मशीन लावलं, तीनताल, तुझी नेहमीची लय. बाराव्या मात्रेवर 'दी', तेरावी नुसती लांबवायची, चौदाव्यावर 'प', मग 'ध', सोळाव्यावर 'रो' आणि समेवर 'अंगना'चा 'अं'. कितीदा म्हटली ते मोजलं नाही, शेजारच्यांनी मोजलं असेल. प्रत्येक वेळी सम 'अंगना'वर आली. अंगणात दिवा ठेवायचाय, तर सम अंगणातच यायला हवी ना! आता त्याचं 'बरोबर' ऐक. आरंभ तेरावर धरला तर सम 'रो'वर पडते. 'धरो' शब्दाचे दोन तुकडे. कोणी दिवा उचलावा आणि दारापर्यंत न्यायच्या आतच टाकून द्यावा, तसं. चूक तोच छापून विकतोय, मावशी. तू बरोबर आहेस, आधीही होतीस. मी पान काढलं ते तुला वाचवायला नाही, भांडायचा कंटाळा आला म्हणून. त्याबद्दल मला भेटल्यावर हवं ते बोल.

पान परत घातलंय. मागे नाही, पहिल्या पानावर. पहिलं उदाहरण. 'ताल : तीनताल. आरंभ : १२. बंदिश : कमला दिघे, निजामपुरा, बडोदे.' खाली, पडद्यावर काय दिसायला हवं ते, म्हणजे सम 'अंगना'वर असलेली स्वरलिपी, हाताने काढून छापायला दिली आहे.

आता मजा ऐक. लाभपाचमीला इथे दुकानं उघडतात तसं उत्कर्षही मुहूर्त करणार आहे, अकोट्याच्या सभागृहात. नव्या मॅन्युअलचं पहिलं उदाहरण तो सगळ्यांसमोर स्वतः टाइप करणार, आणि प्रिंटरमधून निघेल त्या पहिल्या कागदाला कुंकू लावून पूजा करणार. मुहूर्ताचं पहिलं पान फाडत नाहीत, टाकत नाहीत. वर्षभर ऑफिसात लावून ठेवतात.

फसवलं असं त्याला म्हणता येणार नाही. प्रूफांवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : 'पहिलं उदाहरण आपला प्रोग्रॅम छापत नाही. बंदिश बरोबर आहे, प्रोग्रॅम दुरुस्त करावा.' त्याच्याच खाली त्याने न वाचता सही ठोकली. मॅन्युअल न येणाऱ्यांसाठी असतं, असं तो म्हणतो.

प्रमुख पाहुणे कोण बोलवावेत, हे त्याने मलाच विचारलंय. तुझ्या मनात कोणी आहे?

तुझी,
मोहना


धुळे
१० ऑक्टोबर १९९८

चि. मोहना,

नंदूने तुला काहीतरी लिहिलंय हे मी ओळखलं. त्याला रागावले आणि मग त्याच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी केली.

तुझं पत्र हातात घेऊन मोजलं. बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सम. पुढे नाही लिहीत, डोळ्यांना पाणी आलं की अक्षर बिघडतं.

पाहुणे म्हणून तुकोजीरावांना बोलाव. निजामपुऱ्यातले, तबल्याचे. माझ्या साथीला किती वर्षं बसलेत ते त्यांनाही आठवणार नाही. कॉम्प्युटरला ते हात लावत नाहीत आणि पुस्तक वाचत नाहीत, म्हणून त्या पानाचा त्यांना पत्ता नाही. त्यांना आधी काही सांगू नकोस. फक्त पहिल्या रांगेत बसव, प्रिंटर ऐकू येईल असं. उत्कर्ष खूश होईल, मोठं नाव आहे. होऊ दे खूश.

एकच काळजी. तुझी नोकरी जाईल. तुला ते परवडणार नसेल तर पान मागे ने, मी काही मनात आणणार नाही.

हे मी लिहिलं खरं. पण मागे नेऊ नकोस.

तुझी,
कमलामावशी


मांजलपूर
२७ ऑक्टोबर १९९८

ती. मावशी,

नोकरी गेली. आता हसत हसत वाच.

सभागृह भरलं होतं. क्लासवाले, परीक्षक, भरूचचे मास्तरसुद्धा. तुझ्या मुलींचे गुण कापणारा परीक्षक दुसऱ्या रांगेत होता. तुकोजीराव पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, हातात काठी. उत्कर्ष सिल्कचा लालभडक कुर्ता घालून कॉम्प्युटरशी बसला आणि माइकवर म्हणाला, "आता आमच्या नव्या मॅन्युअलचं पहिलं उदाहरण. जसं छापलंय तसं टाइप करायचं, की झालं!" त्याने केलं. प्रिंटर करकरला. त्याच्या हिशेब लिहिणाऱ्या महेताजींनी कागद फाडून घेतला, न वाचता कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

वर 'रागाक्षर', मध्ये कुंकवाचं बोट, खाली ठळक : 'चूक : आरंभ १२ मान्य नाही.'

आधी कोणी हसलं नाही. उत्कर्षने कागद बघितला. "टायपिंग मिस्टेक," म्हणाला आणि पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. तेव्हा मागून कोणीतरी खुदकन हसलं. त्याचा चेहरा कुर्त्याच्या रंगाचा झाला, आणि मग त्याने स्वतःच्या हाताने खड्डा खणला. माइकवर म्हणाला, "प्रोग्रॅम बरोबर आहे. उदाहरणच चुकीचं घेतलंय. जुन्या बाईंची बंदिश आहे, त्यांना आरंभ कळलेला नाही."

तुकोजीराव उठले. "कुठल्या बाईंची?"

"कमला दिघे म्हणून होत्या."

"होत्या म्हणजे? आहेत ना?" असं म्हणून ते माझ्याकडे वळले. मी उभीच होते. "पोरी, येते तुला? म्हण."

मी म्हटली, मावशी. ते हातावर टाळी-खाली दाखवत होते. पहिलं आवर्तन त्यांनी एकट्याने मोजलं, दुसऱ्याला पहिली रांग लागली, तिसऱ्याला अख्खं सभागृह हातावर ताल धरून होतं, तो परीक्षकसुद्धा. सम आली 'अंगना'वर आणि सगळ्या टाळ्या एकदम पडल्या. भरूचचे मास्तर ओरडले, "अरे भाई, सम तो बराबर आवे छे!"

तुकोजीराव उत्कर्षला एवढंच म्हणाले, "ही मी वाजवलेली आहे. तुझ्या यंत्राला मोजायला शिकव, मग माणसांच्या चुका काढ." आणि बसले. आणि कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे लगेच उत्कर्षलाच त्यांना शाल घालावी लागली! मी डोळे भरून बघितलं, तुझ्या वाटणीचंही.

नंतर आत बोलावून म्हणाला, "हे तू मुद्दाम केलंस." मी त्याच्या सहीचं प्रूफ पुढे केलं आणि सांगितलं की कमला दिघे माझी मावशी. त्याने दाराकडे बोट दाखवलं. महेताजी कुंकवाचा कागद धरून रडवेले उभे होते, मुहूर्ताचं पान टाकायचं कसं आणि भिंतीला लावायचं कसं? मी म्हटलं, "मला द्या, मी सांभाळते." त्यांनी सुटका झाल्यासारखा दिला. सोबत पाठवते. घडी जपून उघड, कुंकू सांडेल.

तुझी,
मोहना


अकोटा, बडोदे
१८ नोव्हेंबर १९९८

आदरणीय कमलाकाकू,

सप्रेम नमस्कार. नूतन वर्षाभिनंदन.

पहिल्या आवृत्तीत आपल्या बंदिशीबाबत थोडी नजरचूक झाली होती, त्याबद्दल दिलगीर आहे. कामाच्या गडबडीत असं होतं, आपण मोठ्या मनाच्या आहात. प्रोग्रॅम आता दुरुस्त केला आहे. तीनतालात कुठल्याही मात्रेवरून आरंभ करता येतो. बरेच ग्राहक जुनी प्रत परत पाठवत आहेत, म्हणून नवी आवृत्ती लवकर काढणं भाग आहे.

सभागृहातल्या प्रसंगामुळे आपल्या 'दीप धरो'ला फार मागणी आहे. ती आदर्श उदाहरण म्हणून नव्या आवृत्तीतही पहिल्या पानावर घ्यावी अशी इच्छा आहे. आपण दोन ओळींची परवानगी पाठवावी, म्हणजे झालं गेलं विसरून जाऊ. मोहनाबेनना परत बोलावण्याचाही विचार आहे.

आपला,
उत्कर्ष सबनीस


धुळे
२५ नोव्हेंबर १९९८

चि. उत्कर्ष,

तुझं पत्र मिळालं. दिलगिरी परत पाठवते आहे, ती तुलाच लागेल.

नजरचूक म्हणजे डोळा चुकणं. तू कान न लावता निकाल दिलास, आणि ज्या बाईने तुला शिरा करून घातला तिचं नाव पत्त्यासकट त्याखाली छापलंस. माझा क्लास मोडला. त्याहून वाईट म्हणजे माझाच माझ्या बोटांवरचा विश्वास उडाला. दुपार-दुपार मी बारापाशी अडून बसत होते. ते विसरून जायला तू सांगतोस, दोन ओळींत.

परवानगी देते. अटी आहेत.

बंदिश पहिल्या पानावर घे. माझ्या बाकीच्या नवांवरही माझं नाव घाल. आणि 'अशी चूक करू नका' हे काढलेलं पान परत घालायचं. ते जिथे होतं तिथेच राहील, त्याच मथळ्याखाली, आणि त्यावर असं छापायचं : 'श्री. उत्कर्ष सबनीस, अकोटा, बडोदे यांनी या बंदिशीचा आरंभ तेराव्या मात्रेवर धरला होता. हे चूक आहे. बरोबर : आरंभ १२.' नाव, आडनाव, वस्ती, गाव. ही चौकट या आवृत्तीत, पुढच्या आवृत्तीत आणि तुझा प्रोग्रॅम विकला जाईल तोपर्यंत प्रत्येक आवृत्तीत राहील. नव्या मुलामुलींनी तुझी चूक टाइप करून शिकावं. एखाद्या वर्षी ती गळाली तर बंदिशही गळेल, आणि का गळाली ते तुकोजीराव सांगतील. ते अजून खणखणीत बोलतात.

मोहनाला बोलवायचं की नाही याचा विचार तू करू नकोस. यायचं की नाही याचा विचार ती करील. आली तर प्रूफं वाचून सही करत जा.

तुझ्या मुहूर्ताचं पान माझ्याकडे आहे. वर्षभर लावून ठेवायचं असतं म्हणतात, म्हणून मी ते तंबोऱ्यामागच्या भिंतीवर लावलंय. रोज सकाळी तंबोरा जुळवते, ते एकदा मोठ्याने वाचते आणि मग बाराव्या मात्रेवरून 'दीप धरो' उचलते. गळा अजून नीट लागत नाही, पण सम चुकत नाही.

कमला दिघे
मुक्काम धुळे. पुढच्या महिन्यापासून पुन्हा निजामपुरा, बडोदे.